शेपूटबाई

आमच्या इंग्रजीच्या बाईंचा शेपटांवर फार राग होता. क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या 'आयएनजी'ला त्या शेपूट म्हणायच्या, आणि नको तिथे कुणी ते लावलं की उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी हवेत चालवून "कापा!" असं ओरडायच्या. समोर साठीची बाई असो की नवी नवरी, वाक्य अर्ध्यावर असो की पुरं झालेलं असो, कात्री चालायचीच. त्यांचं आडनाव इनामदार. पण आम्ही बायका आपापसांत त्यांना शेपूटबाईच म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं. "मागून म्हणता ना? म्हणा. शेपूट मागेच असतं," एवढंच त्या एकदा बोलल्या आणि फळ्याकडे वळल्या.

वर्गात आम्ही सात-आठ जणी असू. त्यांतल्या पाठककाकू सगळ्यांत मोठ्या. त्यांचा एक मुलगा परदेशात होता आणि त्याने तिकडचीच बायको केली होती. सुनेशी फोनवर दोन शब्द बोलता यावेत म्हणून काकू यायच्या. पहिल्याच दिवशी बाईंनी ओळख करून द्यायला सांगितली तेव्हा काकू उभ्या राहिल्या आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं, "आय ॲम हॅविंग टू सन्स."

बाई घाबऱ्याघुबऱ्या उठल्या. "अहो काकू, आत्ता? इथे? डॉक्टरांना बोलवू का?"

आम्हाला काही कळेना. मग बाईंनी समजावलं की शेपूट लावलं की काम चालू आहे असा अर्थ होतो, आणि काकूंच्या वाक्याचा अर्थ 'मला आत्ता दोन मुलगे होताहेत' असा ऐकू येतो. काकू पोट धरून हसल्या. मीही हसले. खूप दिवसांनी आपला आवाज आपल्याला ऐकू आल्याचं मला आठवतं, कारण हसल्याबरोबर मी दाराकडे पाहिलं होतं.

मी त्या वर्गात कशी आले ते सांगायला हवं. आमची केतकी तीन वर्षांची झाली तेव्हा नवऱ्याने तिला इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं. प्रवेशासाठी आईवडिलांना भेटायला बोलावलं होतं. मी जुन्नरकडची, मराठी शाळेतून शिकलेली. मुख्याध्यापिकेने मला इंग्रजीत विचारलं, मुलीचा अभ्यास घ्याल ना, इंग्रजी येतं ना तुम्हाला? प्रश्न मला कळला. मी म्हणाले, "येस, आय ॲम नोइंग." मुख्याध्यापिकेने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. नवरा मात्र मोठ्याने हसला. घरी येईपर्यंत स्कूटरवर तो चकार शब्द बोलला नाही. घरात शिरल्यावर त्याने आधी दार लावलं, मग बूट काढून जागेवर ठेवले, मग माझा हात पाठीमागे नेऊन पिरगळला.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. तो एका कारखान्यात सुपरवायझर होता, सोसायटीच्या गणपतीत पुढे असायचा, शेजाऱ्यांच्या आजारपणात धावून जायचा. त्याच्याबद्दल कुणाला काही सांगितलं असतं तर सांगणारीच खोटी पडली असती. मी खाली स्कूटर स्टँडवर चढवल्याचा आवाज ऐकायला शिकले होते. एका दमात चढवली तर संध्याकाळ बरी जाणार. दोनदा आपटली तर नाही. चारच्या पुढे मला घास गिळवत नसे.

त्या भेटीनंतर चौथ्या दिवशी त्यानेच कोथरूडमधल्या इनामदारबाईंचा वर्ग शोधून काढला. "दुपारी दोन ते साडेतीन. केतकीला शाळेतून आणायची, बरोबर घेऊन जायची आणि सरळ घरी यायचं," त्याने सांगितलं. मी मान हलवली. नवीन ठिकाणी जायची भीती, बाईंची भीती, इंग्रजीची भीती, आणि नाही आलं तर काय होईल याची भीती. अशी सगळी भीती बरोबर घेऊन मी गेले.

बाईंचं घर तळमजल्यावर होतं. पुढची खोली वर्गाची, मागे स्वयंपाकघर, आणि त्याचं दार मागच्या अंगणात उघडायचं. बाई एकट्या राहत. तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. त्यामागचं कारण कुणी विचारलं की म्हणत, "विसरले." मूळच्या शनिवार पेठेतल्या. वडिलांचं तिथे पुस्तकबांधणीचं दुकान होतं. बांधायला आलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांचे सुटे फर्मे वाचत त्या इंग्रजी शिकल्या. सोळा पानं इकडची, सोळा तिकडची, त्यामुळे उत्तरं आधी कळायची आणि प्रश्न पंधरा दिवसांनी. "आमच्या घरात उर्दू, पेठेत मराठी आणि शाळेत इंग्रजी," त्या सांगत. "तिन्ही भाषांतले टोमणे मला कळतात, तेव्हा जपून."

पण शिकवायला बसल्या की बाईंचं रूप पालटायचं. काही क्रियापदांना शेपूट का लागत नाही, हे त्यांनी आम्हाला ज्या रीतीने शिकवलं तसं मी नंतर कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. फळ्यावर त्यांनी एका बाजूला 'मी' लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला 'मला'.

"मी चालते, मी लिहिते, मी भांडी घासते. हे तुम्ही करता. सुरू करता, थांबवता. इथे शेपूट लावा, माझी हरकत नाही. आता इकडे बघा. मला माहीत आहे. मला कळतं. मला आवडतं. मला हवंय. मला आठवतं. मला दोन मुलगे आहेत, काकू. ह्यात तुम्ही काय करताय? काही नाही. ते तुमच्याकडे आलंय आणि बसलंय. जे करता येत नाही ते चालू आहे असं कसं म्हणाल? मराठीत 'मला' आलं की इंग्रजीत शेपटाला हात लावण्याआधी दहादा विचार करा."

"नेहमीच असं असतं का बाई?" कुणीतरी विचारलं.

"नाही. ही काठी आहे, पाय नव्हेत. चालता यायला लागलं की टाकून द्या."

मग त्यांनी एकेकीला उठवून 'मला'ची वाक्यं म्हणायला लावली. माझी पाळी आली. दुसरं काही सुचेना, मी म्हणाले, "मला भीती वाटते."

"छान," बाई म्हणाल्या. "फिअर. अवस्था. शेपूट नाही." आणि पुढचीकडे वळल्या. पण वळता वळता त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

बाईंना स्वतःला कुत्र्यांची अतोनात भीती होती, आणि त्या ती लपवत नसत. सोसायटीच्या फाटकाशी एक तपकिरी कुत्रा पडलेला असायचा. त्याने डोळा उघडला तरी बाई जागच्या जागी थिजायच्या. एकदा वर्ग सुटल्यावर त्यांना भाजीला जायचं होतं. त्या मला म्हणाल्या, "सुनंदाबाई, मला फाटकापर्यंत सोडता का? कोपर धरते तुमचं." कुत्रा उठून उभा राहिला. बाईंच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, पण पाय चालत राहिले. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी श्वास सोडला.

"इतकी भीती वाटते तर भाजी आम्ही आणून देऊ ना बाई," मी म्हटलं.

"भीती वाटते ही गोष्ट वेगळी आणि भाजी आणणं ही गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या. "भीती गेल्यावर भाजी आणायची ठरवली तर मी उपाशी मरेन."

त्यांनी कोपर घट्ट धरलं होतं. तिथे आदल्या दिवशीचा वळ होता. कळ आली म्हणून मी हात आखडला असेन. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या लांब बाह्यांच्या ब्लाउजकडे पाहिलं. मे महिना होता. त्यांनी कोपरावरचा हात काढला आणि अगदी हलक्याने माझ्या खांद्यावर ठेवला. मी घरापर्यंत जवळजवळ धावत गेले. बाईंना कळलं, आता त्या कुणाला सांगतील, ते त्याच्या कानावर जाईल, आणि मग काय होईल, एवढंच डोक्यात होतं. आठ दिवस मी वर्गाला गेले नाही. मग नवऱ्यानेच विचारलं, क्लास बुडवतेस की काय, म्हणून परत गेले. बाईंनी गैरहजेरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

त्याच सुमारास त्यांनी शेपटाचा एक अपवाद शिकवला. 'ही इज गुड' म्हणजे तो चांगला आहे. स्वभावानेच चांगला. इथे शेपूट नको. पण 'ही इज बीइंग गुड' असंही म्हणता येतं. "म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. मग स्वतःच सांगून टाकलं, "म्हणजे तो आत्ता चांगला वागतोय. तेवढ्यापुरता. एरवीचा भरवसा नाही. आहे आणि वागतोय यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे." मग त्यांनी घरच्या माणसांबद्दल अशी तीन वाक्यं लिहून आणायला सांगितली.

ती वाक्यं मी दुपारी, घर रिकामं असताना, ओट्यापाशी उभी राहून लिहिली. विचार करून लिहिली असं म्हणता येणार नाही. हात चालत गेला. आज तो चांगला वागतोय. रविवारी तो चांगला वागत होता. तो चांगला वागत असला की मला भीती वाटते. इंग्रजीत लिहिल्यामुळे ती माझी वाक्यं नाहीतच असं मला वाटत होतं. मराठीत मी ती कधीच लिहू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांच्या वह्या परत दिल्या, माझी ठेवून घेतली. वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, "थांबा जरा." केतकी कोपऱ्यात रंगीत खडूंनी काहीतरी काढत बसली होती. बाईंनी वही उघडून समोर ठेवली. तीन वाक्यं, तिन्हींपुढे लाल शाईतली बरोबरची खूण.

"व्याकरणात चूक नाही," त्या म्हणाल्या. "आता सांग, हे नुसतं व्याकरण आहे की खरंही आहे?"

त्या मला पहिल्यांदाच 'सांगा' न म्हणता 'सांग' म्हणाल्या होत्या. मी नुसती मान हलवली. मग मी त्यांचे पायच धरले. "बाई, कुणाला सांगू नका. त्याला कळलं तर मारून टाकेल मला."

"ऊठ आधी. मी कुणाला सांगत नाही. मी फक्त विचारतेय, तू काय करणार आहेस?"

"मला फार भीती वाटते हो."

"ती वाटणारच. ती तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. हातात काय आहे ते बघ." आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोल्हापूरला माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलींचं वसतिगृह चालवते. तिला मदतनीस हवी आहे. राहायला खोली देते. मी पत्र टाकू की नको, एवढंच सांग. आज नको सांगूस. उद्याही नको."

मी दोन महिने काही सांगितलं नाही. बाईंनीही परत विचारलं नाही. त्या दोन महिन्यांत मी कितीदा तरी ठरवलं आणि कितीदा तरी मोडलं. माहेरी जाणं शक्य नव्हतं. तिथे तो तासाभरात येऊन उभा राहिला असता, आणि आईवडिलांनी मला हात जोडून परत पाठवलं असतं. याआधी एकदा तसं झालंही होतं.

मग एका संध्याकाळी खाली स्कूटर दोनदा आपटली. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर केतकीने खेळणी भराभर गोळा करून टोपलीत टाकली होती, भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरले होते. तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याकडे बघून शिकली होती. चार वर्षांच्या पोरीला तो आवाज कळायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं, "टाका पत्र."

उत्तर आठवड्यात आलं, बाईंच्या पत्त्यावर. रोज वर्गाला येताना मी केतकीचे एक-दोन कपडे माझ्या पिशवीत, वह्यांखाली घालून आणायची. ते बाईंच्या कपाटात जमा व्हायचे. पाठककाकूंना बाईंनी माझ्या परवानगीने विश्वासात घेतलं होतं. ठरलं असं की एका बुधवारी वर्ग सुरू झाल्यावर काकूंनी आम्हा दोघींना मागच्या दाराने न्यायचं, रिक्षाने स्वारगेटला सोडायचं आणि कोल्हापूरच्या गाडीत बसवायचं. त्याला साडेपाचपर्यंत काही कळणार नव्हतं.

त्या बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर स्कूटर स्टँडवर चढवल्याचा आवाज आला. दोनदा.

तो दुपारीच घरी आला असणार. केतकीचं कपाट त्याने उघडलं असणार. मी स्वयंपाकघरात होते. पिशवी हातात, केतकी कडेवर, काकू मागच्या दाराची कडी काढत होत्या. तो आवाज ऐकला आणि मी होते तिथेच थांबले. खोटं नाही सांगत, मला एक पाऊल टाकता येईना. केतकीने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

घंटा वाजली. बाईंनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलेलं मला ऐकू आलं.

"नमस्कार मॅडम," त्याचा आवाज अगदी गोड होता. "जरा सुनंदाला बाहेर पाठवता का? घरी पाहुणे आलेत."

"वर्ग चालू आहे. साडेतीनला सुटेल."

"दोन मिनिटांचंच काम आहे."

"वर्गातून मी कुणाला उठवत नाही. तीस वर्षं नाही उठवलं."

"मॅडम, ती माझी बायको आहे."

"असेल. इथे ती माझी विद्यार्थिनी आहे."

मग दारावर धक्का बसला. साखळी खणाणली. केतकीच्या तोंडून हुंदका फुटला, आणि मी तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. आता त्याने ऐकलं, आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, वर्गातल्या बायकांना उद्देशून, शाळेत असतील तेव्हाचा. "तुम्ही काय बघताय? म्हणा मोठ्याने! पहिल्यापासून!"

मग कुणीतरी सुरू केलं आणि पाठोपाठ सगळ्या म्हणायला लागल्या. आय नो. यू नो. शी नोज. आय वाँट. यू वाँट. शी वाँट्स. पाच-सहा बायका घसा फोडून म्हणत होत्या. त्या आवाजात केतकीचं रडणं बुडालं. काकूंनी माझ्या दंडाला धरून जोराने ओढलं. दाराबाहेर पडताना मागून बाईंचं शेवटचं वाक्य ऐकू आलं.

"ओरडू नका. मला तुमची भीती वाटतेय. हे बघा, हात कापताहेत माझे. पण साखळी निघायची नाही."

रिक्षात काकू एकसारखी रामरक्षा म्हणत होत्या. स्वारगेटला गाडी लागलेली होती. कात्रजचा घाट लागेपर्यंत मी सीटवर बसलेच नाही. सीटच्या खाली, केतकीला पोटाशी धरून बसले होते. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला.

कोल्हापूरला मी स्थिर झाले, असं एका वाक्यात म्हणता येतं, पण त्याला बरीच वर्षं लागली. पहिली दोन वर्षं वसतिगृहासमोरून स्कूटर गेली तरी मी हातातलं टाकून खिडकीपासून दूर व्हायची. पण तो आला नाही. मी कुठे आहे हे त्याला कधीच कळलं नाही. पुढे एका वकीलबाईंच्या मदतीने, माझा पत्ता त्याला न कळू देता, रीतसर घटस्फोट झाला. तोवर त्याचा आवेश ओसरला होता, दुसरं लग्न करायचं होतं, त्याने मुकाट सह्या केल्या. मी मदतनिसाची अधीक्षक झाले. केतकी शिकली, नोकरीला लागली.

बाईंना मी इंग्रजीत पत्रं लिहायची, कारण त्यांची तशी ताकीद होती. उत्तराच्या पाकिटात माझंच पत्र लाल शाईने तपासून परत यायचं, आणि त्याच्या पाठीमागे चार ओळी मराठीत. 'प्रकृती ठीक. कुत्रा अजून जिवंत आहे. केतकीला माझा आशीर्वाद.' वर्षभराने अशाच एका पत्रात त्यांनी कळवलं, 'वर्ग बंद केला. कोथरूडची जागा सोडून भाच्याकडे वाघोलीला चालले आहे. तिथे हवा मोकळी आहे.' मला आश्चर्य वाटलं, थोडा रागही आला. शिकवल्याशिवाय या बाई जगतील कशा, आणि चांगला भरलेला वर्ग हवेसाठी मोडतात, हे काही मला पटलं नव्हतं. मी तसं लिहिलंही. त्यांनी त्या वाक्यातली दोन अव्ययं दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. त्याबद्दल एक शब्द नाही.

वाघोलीला मी त्यांना एकदाच भेटले. गावाबाहेर नव्या इमारती उठत होत्या, त्यांतल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर त्या राहत. फार वाळल्या होत्या. केतकीला बघून खूश झाल्या. तिच्याशी तासभर इंग्रजीत बोलल्या आणि एकदाही कात्री चालवली नाही. निघताना मी पाया पडले, तर म्हणाल्या, "बरी दिसतेस." तेवढंच. गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या नाहीत. मला ते लागलं होतं.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. मी वाघोलीला पोचले तेव्हा चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता. त्यांचा भाचा सलीम घरी होता. तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल होता तो. बाईंना, म्हणजे आपल्या आत्याला, तो फुफी म्हणायचा. बोलता बोलता त्याने जरा अडखळत विचारलं, "ताई, एक विचारू? ते तुमचे... ते स्कूटरवाले गृहस्थ. ते कधी पुढे तुमच्यापर्यंत आले का?"

"नाही. का?"

"म्हणजे फुफीने तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं?"

मग त्याने सांगितलं. मी गेल्यावर माझा नवरा कोथरूडला बाईंच्या घरासमोर येऊन उभा राहायला लागला. आठवड्यातून तीनदा, चारदा. स्कूटर लावायची, तिला टेकायचं आणि खिडकीकडे बघत उभं राहायचं. शिवी नाही, धमकी नाही. बाई भाजीला निघाल्या की दहा पावलं मागून चालायचा. बाई पोलीस चौकीत गेल्या. रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. मग तो वर्गातून बाहेर पडणाऱ्या बायकांना गाठून पत्ता विचारायला लागला. बायका घाबरल्या. एकेक यायची बंद झाली. शेवटी पाठककाकू एकट्या राहिल्या, आणि त्यांच्या घरून त्यांनाही मनाई झाली. वर्ग हवेसाठी बंद झाला नव्हता. बाई पुढच्या खोलीत दिवा लावत नसत, मागच्या खोलीत बसत, घंटा वाजली की उठत नसत. वजन उतरत गेलं. सलीमने जबरदस्तीने त्यांना वाघोलीला आणलं. इथेही कित्येक वर्षं त्या गॅलरीत जात नसत.

"मागून चालताना दर वेळी तो एकच विचारायचा, सुनंदा कुठे आहे. पत्ता फुफीला तोंडपाठ होता," सलीम म्हणाला.

मी विचारलं, "मला का नाही कळवलं? एका ओळीने तरी?"

"मी खूपदा म्हणालो, ताईंना लिही. तर म्हणायची, अजिबात नाही. तिला कळलं तर ती मला वाचवायला त्याच्याकडे परत जाईल."

तो चहा टाकायला आत गेला. मी तिथेच बसून राहिले. बाहेर रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती, भोंगे वाजत होते. मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दर वेळी उत्तर तेच आलं. मी गेले असते. पत्र हातात पडल्यावर पहिल्या गाडीने, केतकीला कडेवर घेऊन, गेले असते.